धोंड्याचं मागणं

दुसरा धोंडा ताटात पडला आणि महादेवरावांनी घसा खाकरला. आता आपले सासरे आबा ते वाक्य बोलणार, हे कोकिळेला तुपाची वाटी हातात असतानाच कळलं. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यात जावई जेवायला येतात, पुरणाचे धोंडे होतात, तेहतीस अनारशांचं वाण दिलं जातं, आणि दुसऱ्या धोंड्यावर तुपाची धार पडली की आबा विचारतात. जावयाने काही मागायचं नसतं. "तुमचा आशीर्वाद आहे" म्हणायचं, मग सासऱ्याने आधीच आणून ठेवलेले कपडे पुढे करायचे. घरात सगळ्यांना हे पाठ होतं.

"मांगा जावईबापू," आबा म्हणाले. "अधिकात नाई म्हनाचं नसते. मांगसान ते देल्लं."

राजकुमारने पाण्याचा घोट घेतला. "आबा, या खेपेला खरंच मागू का?"

आबा हसले. "मांगा ना. काऊन लाजता?"

"प्रतीक्षाची ॲडमिशन माझ्या हातात द्या. ती कुठं शिकेल, काय शिकेल, मी ठरवतो. आमच्याकडे संभाजीनगरला राहील, बीसीएस करेल. कॉम्प्युटरची डिग्री. आमचा ऋत्विक पुण्याला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच आहे."

"देल्लं," आबा म्हणाले.

ते बोलून गेले खरे, पण सवयीने. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग अविनाशकडे, म्हणजे आपल्या मुलाकडे. अविनाशने कुरडई मोडून तोंडात टाकली. बायको समोर उभी असताना बोलण्यापेक्षा चावत राहणं त्याला केव्हाही सोपं वाटायचं. कोकिळेने तुपाची धार अंमळ जास्तच सोडली आणि आत गेली. जावई जेवत असताना सुनेने काय बोलायचं, आणि तेही अधिकात?

कोकिळेच्या लेकीला, प्रतीक्षाला, बारावी सायन्सला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते. निकालापासून घरात दुसरा विषय नव्हता. अविनाशला ती ॲग्रीला हवी होती, पण सीईटीत गाडी अडली. सोजराबाईंना नात मास्तरीण व्हावीशी वाटत होती, कारण मास्तरणीला उन्हाळ्याची सुट्टी असते. पोरीने मात्र पहिल्या दिवसापासून एकच धरून ठेवलं होतं. जालन्याच्या कॉलेजात साधी बी.एस्सी., वनस्पतीशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन, आणि पुढे बियाण्याच्या विषयात एम.एस्सी. देऊळगाव राजाहून जालन्याला एसटी आहेत, कंपन्याही तिथंच आहेत. फॉर्मची मुदत परवा संपत होती.

निकालानंतर पोरीच्या या जालन्याच्या बेताला आबांनी इतक्या चटकन होकार दिला होता की कोकिळेला तेव्हाच संशय आला. त्यानंतर आठवड्याभराने ओट्यावर आबा फोनवर बोलत होते ते तिने ऐकलं. चिखलीचं स्थळ होतं, मुलाचं स्वतःचं कृषी केंद्र. "तीन वर्सं होऊ द्या," आबा सांगत होते, "साधी डिगरी हाये, पत्रिकेत लिहाले बरी. मंग बार उडवून देऊ." तिने अविनाशला सांगितलं. तो म्हणाला, "तीन वर्सं कोनी पाह्यली." पोरीला तिने सांगितलं नव्हतं. निदान फॉर्म भरताना तरी तिने हसत भरावा, असं आईला वाटत होतं. आता एकीकडे चिखली आणि दुसरीकडे संभाजीनगर, आणि पोरीचं स्वतःचं मागणं दोन्हीकडे नाही.

स्वयंपाकघरात प्रतीक्षा कढईपाशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. डोळे कोरडे होते, फक्त झारा जरा जोरात आपटत होता.

"आबा अशे कशे देल्लं म्हणाले?" तिने विचारलं. "मी काय अंगठी हाये?"

तेवढ्यात राखी आत आली. ती अविनाशची थोरली बहीण, राजकुमारची बायको, नवी साडी नेसून आज दिवसभर पाटावरची पाहुणी. तिने पदर खोचला आणि कुरडयांची परात आपल्याकडे ओढली.

"आत्या, तू सांगितलं का मामाले असं मांगाले?" आत्याच्या नवऱ्याला प्रतीक्षा मामाच म्हणायची.

"नाई वो. मी फक्त घर खायाले उठते म्हणाली." राखी जराशी ओशाळली. "पण त्याहिचं बी खोटं नाई, पोरी. ते सोता बीएस्सी हायेत, केमिस्ट्रीत. बावीस वर्सं झाली त्या औषधाच्या कंपनीत. रोज घरी येऊन एकच म्हणतात, बीएस्सी करून चूक केली. ते तुले कसे करू देतीन?"

"मामाची चूक मामाची. मी थोडीच केमिस्ट्रीत गोळ्या तपासाले जाऊन राह्यली?"

"हळू बोल," कोकिळा म्हणाली.

"आई, तुले काय वाटते ते तं सांग."

कोकिळेला पुष्कळ काही वाटत होतं. तिने कढईखालचा गॅस बारीक केला. "मले वाटते तू आधी दोन धोंडे खा."

जेवणं उरकली, वाण झालं, अनारशांच्या ताटात दिवा तेवला, फोटो काढून झाले. राजकुमारला मधल्या खोलीत कूलरपुढे झोपवलं. ती खोली म्हणजे या घराचं बियाण्याचं कोठार. उन्हाळाभर तिथं सोयाबीनची तेवीस पोती असायची, पेरणीसाठी राखलेली. जावई येणार म्हणून गेल्या आठवड्यात आबांनी आणि अविनाशने ती मागच्या टिनाच्या शेडमध्ये हलवली होती. प्रतीक्षा त्या दिवशी मार्कशीट आणायला गेली होती. येऊन पाहते तर आठ-आठ पोत्यांची थप्पी, वर तापलेलं टिन. ती तेव्हाच चिडली होती, पण आबा म्हणाले होते, जावयाले काय पोत्यावर झोपवू?

तिने उगवणीची चाचणी रामनवमीच्या सुमाराला एकदा केलीच होती. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि पाचव्या दिवशी कोंब मोजायचे. तेव्हा शंभरात शहाऐंशी आले होते. आबांनी तो आकडा गावभर सांगितला, आणि पलीकडच्या आळीतल्या पुंजाजींनी पेरणीला सहा पोती आपल्यासाठी राखून ठेवायला लावली. पोती हलवल्यावर प्रतीक्षाने पुन्हा दाणे मांडले. या वेळी थप्पीतल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पोत्याचे वेगवेगळे. आज पाचवा दिवस होता.

कोकिळेने तिला गोणपाट घेऊन मागच्या पडवीत जाताना पाहिलं. "आज नको मोजू बाई. उद्या मोज."

"उद्या सहावा दिवस होते, आई."

आबाही शतपावली करत मागे आले. तीन गोणपाट उलगडलेले, पोरगी वाकून मोजते आहे, शेजारी वही. त्यांनी चष्मा लावला. "किती?"

"वरच्या पोत्याचे शंभरात एक्क्याऐंशी. मधल्याचे एकोणसत्तर. खालच्याचे चौपन्न."

आबांचा चेहरा उतरला. "चौपन्न कशे? मागं तं शहाऐंशी होते. तुह्यं मोजनं चुकलं असंन."

"तीनदा मोजलं."

"मंग पानी कमी पडलं." आबांनी मधल्या खोलीच्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "हे पाय. पुंजाजीले मी शब्द देल्ला. जावई घरात हायेत. त्यायच्यासाठी पोते हालवले अन् बी खराब झालं, असं त्यायच्या कानावर गेलं तं काय वाटंन? तू ऐंशी लिहून टाक. पुढचं मी पाह्यतो."

"लिहून झालं, आबा. पेननं लिहिलं."

"मंग पान फाड."

प्रतीक्षाने वही मिटून मांडीखाली घेतली. आबांशी ती कधी अशी वागली नव्हती. कोकिळेने आबांचा राग पाहिला होता. ती पुढे होणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"वरच्या पोत्याचे दाणे कुठून काढले?"

राजकुमार दारात उभा होता, बनियनवर, कपाळाला कुंकू तसंच. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. आबांनी खांद्यावरचा पंचा उगाच झटकला.

"पोत्याच्या तोंडाशी थोडे, मधून थोडे, बुडातून थोडे," प्रतीक्षा म्हणाली. "मंग एकत्र कालवले अन् त्यातून शंभर घेतले. निवडले नाई, जशे आले तशे."

राजकुमार खाली बसला. पाटावर सकाळभर अवघडून बसलेला माणूस गोणपाटापुढे मात्र सहज मांडी घालून बसला. त्याने खालच्या पोत्याचा एक दाणा बोटात धरून उजेडात फिरवला. "टरफल तडकलंय."

"हो. सोयाबीनचं टरफल पातळ राह्यते. पोतं पाठीवरून आदळलं की तडकते. वरून सात पोत्यांचा भार. अन् टिनाची गरमी."

"यातलं कशामुळे किती?"

"ते मले सांगता येत नाई," प्रतीक्षा म्हणाली. "तिन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. एक एक करून पाहावं लागंन. आता कोणतीबी एक सांगितली तं ते माह्यं मनचं होईन."

राजकुमारने वही मागितली. पानं उलटताना तो एका ठिकाणी थांबला, रामनवमीच्या पानावर. मग आजच्या पानावर आला. कोकिळा खांबाआड उभी राहून त्याचा चेहरा पाहत होती. कंपनीतल्या माणसाचा तो चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. या घरात तो नेहमी जेवणारा, आडवा होणारा आणि आग्रहाला नको म्हणणारा जावईच होता.

"बीएस्सी झाल्यावर काय होशील?" त्याने विचारलं.

"नुसती बीएस्सी झाल्यावर काईच नाई, मामा." तिने इतक्या सरळ सांगितलं की आबांनीही मान वळवली. "बारावीत असताना सरांनी आमाले जालन्याच्या एका लॅबमधी नेलं होतं. तिथल्या मॅडमले मी विचारलं, कोन काय करते. त्या म्हणाल्या, बीएस्सीवाले दाणे मोजतात. एमएस्सीवाले ठरवतात कोणते मोजाचे अन् काऊन मोजाचे. पीएचडीवाले नवीन वाण काढतात. बीएड केलं तं मास्तरकी हाये. सरकारी परीक्षा तं कोणत्याबी पदवीवर देता येतात. पण मले ठरवणाऱ्यायमधी बसाचं हाये."

"आणि नाही जमलं तर?"

"तं दाणे मोजीन. मले मोजाले आवडते."

राजकुमार हसला. पण ते हसू लगेच ओसरलं. "मी मोजतोच आहे," तो म्हणाला. "बावीस वर्षं. गोळी विरघळायला किती मिनिटं, पाणी किती टक्के. रिपोर्ट मी करतो, सही साहेब करतो. साहेब एकोणतीस वर्षांचा आहे, एमएस्सी. पोरगा चांगला आहे, मला सर म्हणतो. पण एखादा आकडा त्याला नको असला की मला खोलीत बोलावतो, आणि परत मोजायला सांगतो. मग मी परत मोजतो." त्याने वही तिच्या हातात दिली. "तुझ्यासारखं वही दाबून बसायला जमलं नाही मला."

आबा पंच्याने तोंड पुसत होते.

"चला आबा," राजकुमार उठत म्हणाला. "आधी थप्पी उतरवू. अविनाश कुठाय?"

पुढचा तासभर घरात हलकल्लोळ उडाला. जावई धोंड्याच्या दिवशी पोती उचलतोय हे पाहून सोजराबाई दारातून हात जोडत होत्या. "अवं जावईबापू, काय करून राह्यले हे? लोकं काय म्हनतीन?" राजकुमार आणि अविनाश दोघांनी मिळून एकेक पोतं दोन्ही टोकांनी धरून मधल्या खोलीत आणलं, जमिनीवर फळ्या टाकून त्यावर हलकेच ठेवलं, चारच्या वर थप्पी नाही. प्रतीक्षा प्रत्येक पोत्यावर खडूने खूण करत होती. खालची पोती बाजूला काढली, ती बाजारात विकायची, पेरायची नाहीत. मधल्यांचं बी एकरी जरा वाढवून पेरायचं ठरलं. आबांनी स्वतः पुंजाजींना फोन लावला. "शहाऐंशी नाई राह्यले," ते म्हणाले, "एक्क्याऐंशीवाले पोते हायेत, तेवढेच देईन. अन् ते बी घरी एकडाव लावून पाय." पलीकडून पुंजाजी काय म्हणाले कोण जाणे, पण आबा फोन ठेवताना हसत होते.

चहाला सगळे ओट्यावर जमले. राजकुमारची नवी पँट पोत्याच्या धुळीने भुरकी झाली होती आणि राखी ती झटकायचा नाद सोडून देत होती.

"आबा," राजकुमार म्हणाला, "मघाशी मी मागितलं ते तुम्ही दिलं. म्हणजे पोरीचं शिक्षण माझ्या हातात. बरोबर?"

"हाव," आबा सावधपणे म्हणाले.

"मग ऐका. जालना. बीएस्सी. तिला पाहिजे तेच विषय. फॉर्म उद्या भरायचा."

प्रतीक्षाने हातातली कपबशी खाली ठेवली. राखीने नवऱ्याकडे रागाने पाहिलं, रिकाम्या खोलीचा हिशेब तिच्या डोक्यात अजून होता. मग तिचा राग तिलाच टिकवता येईना. "शनिवारी मात्र आमच्याकडं याचं," ती म्हणाली. "जालन्याहून गाडी हाये."

"आणि पाच वर्षं," राजकुमार म्हणाला.

"पाच कशे?" आबांनी विचारलं. "बीएस्सी तं तीनची असते."

"तीन अधिक दोन. एमएस्सी होईपर्यंत. तोवर मध्ये कोणी काही आणायचं नाही. लग्न तर नाहीच. हे सगळं मिळून माझं मागणं आहे."

चहाचा कप खाली ठेवायला आबांना जागा सापडेना. "जावईबापू, हे दुसरं मांगनं झालं."

"तेच आहे आबा. सकाळी अर्धंच कळलं होतं मला."

"मी चिखलीवाल्यायले काय सांगू मंग?" आबांच्या तोंडून निघून गेलं.

"कोन चिखलीवाले?" प्रतीक्षाने विचारलं.

अविनाश बशीतल्या चहाकडे असा पाहत होता, जसं काही त्यात माशी पडली आहे. सोजराबाईंनी पान लावायला घेतलं. कोकिळा उंबऱ्याच्या आत उभी होती. एकोणीस वर्षं ती याच उंबऱ्यात उभी राहून बाहेरची बोलणी ऐकत आली होती, आणि पाहुण्यांदेखत आबांना उलट शब्द तिने कधी दिला नव्हता. आजही तिला भीती वाटलीच. पण आज नाही तर हे बोलणं पुन्हा निघणार नाही हेही तिला कळत होतं. ती ओट्यावर आली.

"त्यायले सांगा आबा," ती म्हणाली, "का पोरगी शिकून राह्यली. पाच वर्सं थांबा, नाई तं दुसरी पाहा."

अविनाशने मान वर केली. "सांगून टाकू आबा. मी सांगतो," तो म्हणाला. कोकिळेला त्याचा राग यायचा राहून गेला.

"अन् तुमी काऊन तोंड पाडून बसले?" सोजराबाई आबांना म्हणाल्या. "सकाळी मोठ्यानं देल्लं म्हनाले ना? अधिकातलं देनं वापस घेता का?"

आबांनी एकेकाकडे पाहिलं. बायको, मुलगा, सून, लेक, जावई. सकाळी त्यांच्या बाजूला सगळं घर होतं, आता कोणी उरलं नव्हतं. शेवटी ते प्रतीक्षाकडे वळले. तिच्या हाताला अजून खडू लागलेला होता.

"देल्लं," ते म्हणाले. या खेपेला सावकाश. "पाच वर्सं देल्ली."

ऊन कललं तशी पाहुण्यांची निघायची गडबड सुरू झाली. राखी आत आईच्या गळ्यात पडून रडायचं ते रडत होती. कोकिळा अनारशांचा डबा घेऊन गाडीपाशी गेली. राजकुमार एकटाच उभा होता. नणंदेच्या नवऱ्याशी ती "जेवा", "अजून घ्या" यापलीकडे कधी बोलली नव्हती. तिने डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "दाजी, तुमी पोरीसाठी लय मोठं मांगलं. माह्या तोंडून कधी निघालं नसतं."

राजकुमार डब्याकडे पाहत राहिला. शहरात बावीस वर्षं घालवून त्याने बोली बदलली होती. आता मात्र लोणारकडचं आपलं घरचं बोलणं त्याच्या तोंडी आलं.

"वहिनी, बीएस्सी झाली तवा माह्ये सर घरी आले होते. बाबाले म्हणाले, याले आणखीन दोन वर्सं द्या. सगळे ओट्यावरच बसले होते, काका, मामा, मोठा भाऊ. कोनीच बाबाले म्हटलं नाई का देऊन टाका. मी बी म्हटलं नाई."

कोकिळेने डोळ्यांना पदर लावला आणि तो खाली घेतला. मग ती घरात गेली, पोरीच्या हातातून चहाचे कप काढून घेतले आणि म्हणाली, "भांडे राहू दे. फॉर्म काढ, मले वाचून दाखव."